मिरजेत ट्रस्टचं हॉस्पिटल की खासगी? बिलात फरक नेमका कुठे पडतो?

कवठेमहांकाळकर
मामांना अँजिओप्लास्टी (हृदयाची अडलेली रक्तवाहिनी उघडणं) सांगितली आहे, तातडीची नाही. रेशनकार्ड केशरी, घरचं वार्षिक उत्पन्न दीड लाखाच्या आत. ट्रस्टकडे स्वस्त पडतं म्हणतात, पण एका ट्रस्टच्या आणि एका खासगी हॉस्पिटलचं पॅकेज जवळपास सारखंच निघालं. मग ट्रस्ट असून फरक काय?

खिडकी_नंबर_चार
ना-नफा म्हणजे स्वस्त, हा समज आधी सोडा. ट्रस्टकडेही शिल्लक उरते. फक्त ती विश्वस्तांना वाटून घेता येत नाही, आणि आयकराची सूट टिकवायची तर साधारण 85 टक्के उत्पन्न त्याच कामावर लावावं लागतं. खासगीत ती मालकाच्या खिशात जाते. डॉक्टरांची फी आणि कॅथलॅबचा (जिथे अँजिओप्लास्टी करतात ती खोली) खर्च दोन्हीकडे बाजारभावानंच, त्यामुळे पूर्ण पैसे भरणाऱ्याला आकडा सारखाच दिसणार.

खरा फरक सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक मध्ये आणि त्याखाली उच्च न्यायालयानं 2006 मध्ये घालून दिलेल्या योजनेत आहे. धर्मादाय म्हणजे ट्रस्टच्या हॉस्पिटलला 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. बाकीच्या पेशंटच्या बिलातले 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत जातात आणि मोफत उपचारांचा खर्च त्यातून वळता होतो. दुर्बल गटाला औषधं आणि इम्प्लांट (शरीरात बसवायच्या वस्तू) खरेदीदरानं लावतात, पण त्यातला निम्मा वाटा पेशंटला भरावा लागतो. मामा पहिल्या गटात बसतात. खासगीवर ही सक्ती नाही.

वैद्यकीय_समाजसेवा
वरचं बरोबर, पण हे आपोआप कुणी देत नाही. भरती व्हायच्या आधीच हॉस्पिटलच्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठा. तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. डिस्चार्जच्या दिवशी दाखला पुढे केला तर तोवर पूर्ण पैसे भरणारा पेशंट म्हणून बिल फाटलेलं असतं, मग ते फिरवायला कुणी तयार होत नाही. आणि कृपा करून स्पेशल रूम घेऊ नका, सवलत तिथेच संपली. "खाटा भरल्यात" असं उत्तर आलं तर लेखी मागा आणि सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज द्या. लेखी मागितलं की बऱ्याचदा खाट सापडते! तातडीचा पेशंट असेल तर डिपॉझिटसाठी अडवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आरोग्यमित्र_मिरज
अँजिओप्लास्टीसाठी मी तर ट्रस्ट की खासगी हा प्रश्नच बाजूला ठेवेन. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत दोन्ही प्रकारची हॉस्पिटलं आहेत आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कवच आहे. फक्त ते हॉस्पिटल हृदयरोग विभागासाठी योजनेत आहे ना, ते तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा मदतनीस) विचारा. नुसती योजनेची पाटी बघून आत जाऊ नका, कारण एकाच हॉस्पिटलचा एक विभाग योजनेत असतो, दुसरा नसतो. अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी लागते. योजनेची पूर्वमंजुरी आल्याशिवाय स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकून घेतला की क्लेम अडकतो, आणि मग पैसे घरच्यांकडे मागतात.

योजनेबाहेर केलंत तर एवढं बघा: स्टेंटची कमाल किंमत 2017 पासून केंद्रानं बांधून दिली आहे, ट्रस्ट असो वा खासगी. बिलात स्टेंट वेगळा दाखवायला लावा, आणि पाकिटावरचं स्टिकर फाइलला चिकटवलेलं हवं. बॅच नंबर त्याच्यावरच असतो.

कवठेमहांकाळकर
आधारवर मामांचं आडनाव वेगळं पडलंय, रेशनकार्डावर वेगळं. चालेल का?

आरोग्यमित्र_मिरज
नाही चालणार, पडताळणी तिथेच अडते. ऑपरेशन तातडीचं नाही म्हणताय, तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. रेशनकार्ड दुरुस्त करणाऱ्या तहसीलच्या पुरवठा शाखेपेक्षा आधार केंद्रात काम लवकर होतं.