डेंटल इन्शुरन्स असूनही रूट कॅनल आणि कॅपला १२६८ डॉलर? (न्यू जर्सी)

सांगलीची_मृण्मयी:
नमस्कार मंडळी, इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

आम्ही एडिसनला राहतो, येऊन दोन वर्षं झाली. नवऱ्याच्या कंपनीचा पीपीओ डेंटल प्लॅन (कंपनीच्या यादीतल्या डॉक्टरकडे स्वस्त, बाहेर महाग) आहे, पगारातून नियमित कापतात. गेल्या आठवड्यात उजवीकडची खालची दाढ रात्री अशी ठणकायला लागली की लवंग धरून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, शेवटी पहाटेपर्यंत गार पाणी तोंडात धरून बसले होते. डेंटिस्टने एक्सरे काढला आणि म्हणाले रूट कॅनल, मग बिल्ड-अप (दाढेचा पोकळ भाग भरून उभा करणं), मग वर कॅप. फ्रंट डेस्कने कागद दिला, दाढेचा नंबर ३० (हीच दाढ सांगलीच्या डॉक्टरांच्या जुन्या फाईलमध्ये ४६ आहे, नंबर द्यायची पद्धत वेगळी), रूट कॅनल ११००, बिल्ड-अप २५०, कॅप ११००, एकूण २४५०. त्यातले इन्शुरन्स देणार ११८२ आणि आम्ही १२६८.

आता प्लॅनच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, रूट कॅनलला ८० टक्के, बिल्ड-अप आणि कॅपला ५० टक्के. म्हणजे ८८०, १२५ आणि ५५० मिळून त्यांनी १५५५ द्यायला हवेत ना? मग ३७३ डॉलर गेले कुठे? डेस्कवरची मुलगी चांगली होती पण मागे लाईन होती, ती एवढंच म्हणाली की तुमचं मॅक्सिमम संपतंय.

दुसरं म्हणजे वरची डावीकडची एक दाढ २०१६ मध्ये सांगलीत काढलेली आहे, त्या जागी इम्प्लांटचं (हाडात स्क्रू बसवून वर दात) इथल्या ऑफिसात विचारलं तर म्हणाले मिसिंग टूथ क्लॉज आहे, एक डॉलरही मिळणार नाही. हा काय प्रकार आहे? आणि जानेवारीपर्यंत थांबून काही फायदा होतो का? नवऱ्याचं ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षीचा प्लॅन निवडायची मुदत) पुढच्या आठवड्यात सुरू होतंय म्हणून आत्ताच विचारतेय.

बिलिंगवाली_डॅलस:
मृण्मयी, मी नऊ वर्षं एका डेंटल ऑफिसात क्लेम्स करते, रोज हेच समजावून सांगते आणि रोज समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला बघते, त्यामुळे शांतपणे वाच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. मेडिकल इन्शुरन्समध्ये एका रकमेनंतर आपण द्यायचं थांबतो आणि पुढचं सगळं कंपनी देते. डेंटलमध्ये बरोबर उलटं आहे, एका रकमेनंतर कंपनी द्यायची थांबते आणि पुढचं सगळं आपलं. त्या रकमेला अ‍ॅन्युअल मॅक्सिमम म्हणतात, तुझी बहुतेक १५०० असणार. ते ८० आणि ५० टक्के त्या १५०० च्या आतच लागू. पुस्तिकेत टक्के मोठ्या अक्षरात आणि मर्यादा तळाला असते, म्हणून नव्वद टक्के लोक तुझ्यासारखंच गणित मांडतात.

या वर्षी आधी काय काय झालंय? क्लीनिंग झालं असेल, एखादं फिलिंग? बऱ्याच प्लॅनमध्ये क्लीनिंग आपल्याला फुकट दिसतं पण कंपनीने भरलेले पैसे त्या १५०० मधूनच वजा होतात. ऑनलाइन लॉगिन करून ईओबी बघ, म्हणजे प्रत्येक क्लेमनंतर येतो तो हिशोबाचा कागद, आणि इथे आकडे टाक.

सांगलीची_मृण्मयी:
बघितलं. मार्चमध्ये क्लीनिंग, तपासणी आणि एक्सरे, कंपनीने २३० भरले. जूनमध्ये एक फिलिंग १६० चं, त्यात ५० डिडक्टिबल (वर्षात आधी आपण भरायची ठरलेली रक्कम) म्हणून आम्ही भरले आणि उरलेल्या ११० चे ८० टक्के म्हणजे ८८ त्यांनी. हो, मॅक्सिमम १५०० च आहे.

बिलिंगवाली_डॅलस:
मग जुळलं बघ. १५०० मधून २३० आणि ८८ गेले, उरले ११८२. रूट कॅनलचे ८८० दिले की राहतात ३०२, बिल्ड-अपचे १२५ दिले की राहतात १७७. कॅपचे खरे ५५० बसतात पण डब्यातच १७७ आहेत. ते तुझे ३७३ इथे गेले. ऑफिसने चूक केलेली नाही, फसवलंही नाही.

आता जानेवारीचं. तुझा प्लॅन कॅलेंडर वर्षावर चालतो का ते आधी विचार, काहींचं वर्ष जुलैला सुरू होतं. १ जानेवारीला नवे १५०० मिळणार असतील तर रूट कॅनल आणि बिल्ड-अप या वर्षी करून घे आणि कॅप जानेवारीत बसव. तेव्हा नवं ५० डिडक्टिबल लागेल, उरलेल्या १०५० चे अर्धे म्हणजे ५२५ कंपनी देईल, तुझे ५७५. या वर्षीचे तुझे २२० आणि १२५. एकूण ९२०. म्हणजे १२६८ ऐवजी ९२०, ३४८ डॉलर वाचले.

पण इथे एक मेख आहे. कॅपची तारीख कुठली धरतात? दाढ घासून माप घेतात ती एक भेट आणि लॅबमधून कॅप आल्यावर सिमेंटने बसवतात ती दुसरी, मध्ये दोन-तीन आठवडे. काही कंपन्या माप घेतल्याची तारीख धरतात, बऱ्याच बसवल्याची. फोन करून हाच प्रश्न विचार, प्रेप डेट की सीट डेट, आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घे. सीट डेट असेल तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माप आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कॅप, दाढ फार दिवस उघडी राहत नाही. मात्र तारीख खरी असली पाहिजे, डिसेंबरात बसवून जानेवारी लिहा असं कुठल्याही ऑफिसला सांगू नकोस, तो फ्रॉड होतो.

अजून दोन फोन कर. रूट कॅनल तुमचाच डेंटिस्ट करणार की एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनलच्या स्पेशालिस्टकडे पाठवणार? पाठवणार असेल तर तो नेटवर्कमध्ये (कंपनीशी दर ठरवलेल्या डॉक्टरांच्या यादीत) आहे का ते वेगळं तपास, इथेच लोक सगळ्यात जास्त पोळतात. आपला डॉक्टर नेटवर्कमधला म्हणून त्याने पाठवलेलाही असणार असं समजतात आणि मग पूर्ण भावाचं बिल येतं. दुसरा फोन डाउनग्रेडचा. कॅपचा कोड डी २७४० असेल, म्हणजे सिरॅमिक. दाढेला काही प्लॅन फक्त धातूच्या कॅपइतकेच पैसे देतात, फरक आपण भरायचा. फिलिंगचंही तेच, पांढरं भरलं तरी चांदी भरल्याचे पैसे देतात. ऑफिसला प्रीडिटरमिनेशन पाठवायला सांग, त्यात कंपनी आधीच लेखी आकडा देते. दोन-चार आठवडे लागतात आणि ती हमी नसते, पण धक्का बसत नाही.

निशिगंध_बीडीएस:
मी नाशिकला बीडीएस केलं, इथे परवान्याच्या परीक्षा चालू आहेत तोवर असिस्टंटचं काम करते. ताई, वरचं गणित बरोबर आहे पण कृपा करून रूट कॅनल स्वतः जानेवारीपर्यंत ढकलू नका. रात्रभर ठणका लागला म्हणजे आतली नस मरायच्या वाटेवर आहे. पुढे दुखायचं आपोआप थांबेल सुद्धा, आणि लोकांना वाटतं बरं झालं, पण तेव्हा नस मेलेली असते आणि पू हाडात उतरत असतो. गालाला सूज, ताप, तोंड उघडायला त्रास यातलं काही झालं तर तारखा आणि टक्के बाजूला ठेवून त्याच दिवशी जा.

कॅपचंही सांगते. रूट कॅनल झालेली दाढ आतून पोकरलेली असते, चावताना उभी चिरू शकते, आणि चीर मुळापर्यंत गेली तर ती दाढ काढावीच लागते. म्हणजे ३४८ वाचवायला जाऊन अख्खी दाढ गेली. डॉक्टरांना सरळ विचारा की बिल्ड-अपवर सहा-सात आठवडे काढता येतील का. भिंती जाड असतील तर हो म्हणतील, आधीच चीर दिसत असेल तर नाही म्हणतील आणि मग ऐका त्यांचं. थांबलात तर त्या बाजूने चिक्की, खारे दाणे, बर्फ काही चावू नका, दिवाळीचा कडक चकलीचा तुकडासुद्धा दुसऱ्या बाजूने.

कोथरूड_ते_क्युपर्टिनो:
मिसिंग टूथ क्लॉजचं मी अनुभवलंय. प्लॅन सुरू व्हायच्या आधी जो दात गेलाय त्याच्या जागी काहीही बसवायचे, इम्प्लांट, ब्रिज, कवळी, पैसे देत नाहीत. सगळ्या प्लॅनमध्ये हा क्लॉज नसतो. ओपन एनरोलमेंटला कंपनी दोन प्लॅन देत असेल तर हप्ता आणि टक्के बघण्याआधी पूर्ण डॉक्युमेंट मागवून ही ओळ शोधा, सोबत वेटिंग पीरियड (कव्हर सुरू व्हायला किती महिने थांबायचं) आणि इम्प्लांट मुळात कव्हर आहे का तेही बघा, काही ठिकाणी इम्प्लांट केला तरी कवळीइतकेच पैसे देतात.

मी शेवटी पुण्यात केला. एका फेरीत होत नाही हे आधी समजून घ्या. स्क्रू हाडात बसवला की हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने, मग वरची कॅप. मी एका उन्हाळ्यात स्क्रू आणि पुढच्या डिसेंबरात कॅप असं केलं. डॉक्टरांकडून इम्प्लांटची कंपनी, साईज आणि लॉट नंबरचं कार्ड मागून घेतलं, कारण पुढे इथे स्क्रू सैल झाला तर इथल्या डेंटिस्टला तेच आधी लागतं. आणि पावती इंग्रजीत, दाताचा नंबर, तारीख आणि रक्कम लिहिलेली. आयआरएसच्या (इथल्या टॅक्स खात्याच्या) नियमात परदेशात केलेल्या दातांच्या उपचाराचा खर्चही बसतो त्यामुळे मी ते पैसे एचएसएतून (टॅक्स न लागणाऱ्या आरोग्य बचत खात्यातून) घेतले. इथल्या डेंटल प्लॅनने मात्र काही दिलं नाही.

आणि न्यू जर्सीत आहात तर नेवार्कला रटगर्स विद्यापीठाचं डेंटल स्कूल आहे, विद्यार्थी करतात आणि वर प्राध्यापक तपासतात, वेळ खूप लागतो पण दर कमी. माझ्या मेहुण्याने तिथे काम करून घेतलंय.

शाल्मली_बॉस्टन:
मला या विषयाचा खरंच राग येतो. इथे डेंटल कव्हरची सुरुवात १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियनने केली, तीही कामगारांच्या मुलांसाठी, म्हणजे किती चांगल्या हेतूने. आणि आता अनेक प्लॅनमध्ये हजार-दीड हजारची मर्यादा वर्षानुवर्षं तिथेच, दातांचे दर मात्र कुठल्या कुठे गेले. म्हाताऱ्यांचं तर विचारूच नका, मूळ मेडिकेअरमध्ये (त्यांच्या सरकारी विम्यात) क्लीनिंग, फिलिंग, कवळी काही नाही. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०२२ च्या नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून नियम आणला की डेंटल कंपन्यांनी हप्त्यातले किमान ८३ टक्के उपचारांवर खर्च करावेत. मेडिकलला असा नियम आधीपासून होता, दातांना नव्हता. तेव्हा मी नागरिक नव्हते, मत नव्हतं, पण शेजारणीला घेऊन मतदान केंद्रापर्यंत गाडी चालवत गेले होते.

कामाचं एक सांगते. मृण्मयी, तूही नोकरी करतेस का? दोघांचे प्लॅन असतील तर आधी आपला स्वतःचा आणि उरलेल्यासाठी नवऱ्याचा लागतो, पण नॉन-डुप्लिकेशनची अट (पहिल्याने दिलेले पैसे दुसरा आपल्या वाट्यातून वजा करतो) असेल तर दुसरा प्लॅन जवळजवळ काहीच देत नाही, मग दुहेरी हप्ता वाया. मुलांसाठी बर्थडे रूल आहे, आईबाबांपैकी ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा प्लॅन पहिला, वय कोणाचं जास्त याचा संबंध नाही. आमच्या लेकीचे तीन क्लेम याच कारणाने परत आले होते.

सांगलीची_मृण्मयी:
किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. मी सध्या नोकरी करत नाही त्यामुळे एकच प्लॅन. रूट कॅनल सोमवारी करून घेतेय. एफएसए (पगारातून उपचारांसाठी पैसे बाजूला ठेवायचं खातं) बद्दल कोणी सांगाल का, नवरा म्हणतो नको, वापरले नाहीत तर पैसे बुडतात.

बिलिंगवाली_डॅलस:
बुडतात ते अंदाजाने टाकले तर. तुला तर जानेवारीचा आकडा आत्ताच माहीत आहे, ५७५. तेवढे तरी टाका, पगारातून टॅक्सच्या आधी जातात. २०२६ ला ३४०० पर्यंत टाकता येतात पण तेवढ्याची गरज नाही. हेल्थ एफएसएची चांगली गोष्ट म्हणजे वर्षभराची ठरवलेली पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, हप्ते वर्षभर कापले जातात. त्यामुळे जानेवारीत कॅप बसली की लगेच ते कार्ड चालेल. फक्त मेडिकल प्लॅन एचएसएवाला असेल तर साधा एफएसए चालत नाही, दात आणि डोळ्यांपुरता लिमिटेड पर्पज एफएसए असतो तो घ्यायचा, एचआरला विचारा.

आणि मार्चनंतर दुसरं क्लीनिंग राहिलंय ना तुझं? तुझे या वर्षीचे १७७ उरतायत, कॅप पुढे गेली तर त्यातून होऊन जाईल. आधी विचार की नियम वर्षात दोन असा आहे की दोन क्लीनिंगमध्ये सहा महिने हवेत असा. कोणी एकदम चार क्वाड्रंटचं (तोंडाच्या चारही भागांचं) हिरड्यांखालचं डीप क्लीनिंग सुचवलं तर हिरड्यांच्या मापांचा चार्ट माग, चार-पाच मिलीमीटर आणि पुढचे आकडे नसतील तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घे.

सांगलीची_मृण्मयी:
अपडेट देते. रूट कॅनल झालं, एंडोडॉन्टिस्टकडेच पाठवलं होतं आणि पहिलं नाव नेटवर्कबाहेरचं निघालं, म्हणून आधी फोन केला ते बरं झालं, त्यांनी पिस्कॅटवेचं दुसरं नाव दिलं. कंपनीला विचारलं, सीट डेट धरतात आणि सिरॅमिकला डाउनग्रेड नाही, रेफरन्स नंबर लिहून घेतलाय. बिल्ड-अपही झालं, डॉक्टर म्हणाले भिंती जाड आहेत, थांबता येईल. माप १८ डिसेंबरला, कॅप ६ जानेवारीला. नवऱ्याने एफएसएत ६०० टाकले. सांगलीच्या इम्प्लांटचं मेमध्ये जाऊ तेव्हा, आईला जुन्या डॉक्टरांकडून तारीख घ्यायला सांगितलीये.

निशिगंध_बीडीएस:
छान झालं ताई. माप घेतल्यावर प्लास्टिकची तात्पुरती कॅप लावतील, त्या बाजूला फ्लॉस वर खेचून काढू नका, बाजूने ओढून घ्या, नाहीतर कॅप निघून येते. आणि सुट्टीत निघालीच तर २६ डिसेंबरला कोण उघडं असेल ते ऑफिसला आत्ताच विचारून ठेवा.