मळ्यात वायर येत नाही, परवडेल असं सॅटेलाईट इंटरनेट कोणी घेतलंय का?

केळीबाग_यावल
१३ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. आमचं घर यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, गावापासून चार किमी आत मळ्यात आहे. चारी बाजूंनी केळी. गावात फायबर येऊन दोन वर्षं झाली, काकांच्या घरी मस्त चालतं, पण आमच्यापर्यंत वायर ओढायचं म्हटलं की केबलवाला म्हणतो पोल तुमच्या खर्चाने उभे करा मग बघू. मोबाईलची रेंज घरात एक काडी, आणि संध्याकाळी सातनंतर ती पण नावालाच.

बहीण पुण्याच्या एका सीएच्या ऑफिसचं काम घरून करते, टॅली आणि जीएसटी रिटर्न. ११ तारीख आणि २० तारीख आली की पोरगी लॅपटॉप घेऊन विहिरीवरच्या पंपघराच्या छतावर जाऊन बसते कारण तिथेच जरा रेंज लागते. परवा रात्री साडेनऊला ओटीपी येईपर्यंत पोर्टलने तिला बाहेर काढलं, परत पहिल्यापासून. आमच्याकडे बिबट्या फिरतो, ती खाली येईपर्यंत आई ओट्यावर टॉर्च धरून उभी असते. हे बघवत नाही म्हणून विचारतोय.

एक जण भेटलाय, बाहेरून आणलेली स्टारलिंकची (मस्कच्या सॅटेलाईट इंटरनेट कंपनीची) डिश ४५ हजारात देतो म्हणतो, आजच अॅडव्हान्स द्या म्हणे. माझं बजेट सुरुवातीला १५ हजार आणि महिन्याला हजाराच्या आत. घ्यावी का? की दुसरं काही आहे?

अमळनेरकर
१३ डिसेंबर २०२५

भाऊ, त्या डिशना नाद सोडी द्या पहिले. एक रुपया अॅडव्हान्स देऊ नका.

स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचं लायसन मिळालं आणि जुलैमध्ये इन-स्पेस या सरकारी अंतराळ संस्थेची परवानगी, एवढं खरं. पण स्पेक्ट्रमचे, म्हणजे लहरी वापरण्याचे पैसे किती घ्यायचे ते अजून सरकारने ठरवलेलं नाही, म्हणून घरगुती विक्री सुरूच झालेली नाही. मस्कने गेल्या डिसेंबरात स्वतः लिहिलं होतं की भारतावर आमचे बीम बंद आहेत. म्हणजे डिश आणून छतावर ठेवली तरी वरून सिग्नलच येणार नाही, आणि परवानगीशिवाय असं उपकरण घरात ठेवणं गुन्हा आहे तो वेगळाच. देणारा पैसे घेऊन निघून जाईल, चौकशीला पोलीस तुमच्या दारात येतील. २०२१ मध्ये पण असंच झालं होतं, लायसन नसताना ९९ डॉलरचं बुकिंग घेतलं, सरकारने लोकांना सांगितलं की घेऊ नका, मग कंपनीने पैसे परत केले. तेव्हा समोर कंपनी होती म्हणून परत तरी मिळाले.

आणि मागच्या सोमवारी वेबसाईटवर महिन्याला ८,६०० आणि डिशचे ३४,००० असा आकडा दिसला होता तो कंपनीनेच चूक म्हणून काढून टाकला. तो भाव धरून कोणी काही विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

चोपडा_सीसीटीव्ही
१३ डिसेंबर २०२५

दादा मी कॅमेरे आणि वायफायचं काम करतो, चोपडा यावल भागात मळ्यांवरच जास्त असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पोस्टमधली कामाची गोष्ट म्हणजे काकांच्या घरी गावात फायबर आहे. चार किमी म्हणजे काही अंतर नाही. काकांच्या गच्चीवर एक रेडिओ, म्हणजे इंटरनेट लांब फेकणारं यंत्र, आणि तुमच्याकडे एक, दोघांची तोंडं एकमेकांकडे, झालं. ५ गिगाहर्ट्‌झवाले रेडिओ, याला लायसन लागत नाही, चांगली जोडी आठ-दहा हजारात येते. महिन्याचा खर्च फक्त फायबरच्या प्लॅनचा. फक्त कनेक्शन तुमच्याच कुटुंबाचं ठेवा, कंपनीला विचारून घ्या, आणि शेजारच्या मळ्यांना पैसे घेऊन वाटायला जाऊ नका, त्याला लायसन लागतं.

अट एकच, मधे काही आडवं नको. आणि नुसतं दिसून भागत नाही हे लोकांना कळत नाही. लहर मधोमध फुगते, चार किमीला मधल्या भागात झाडांच्या शेंड्याच्या वर अजून चौदा-पंधरा फूट मोकळं लागतं. केळीचं काही नाही, ती खालीच राहते, पण एखादी चिंच नाहीतर कडुलिंब आडवा आला की पावसाळ्यात ओल्या पानांनी लिंक मरते. आत्ता डिसेंबरात चाललं म्हणून जुलैत चालेल असं नाही. माझ्या हातून एका ठिकाणी हीच चूक झाली होती, हिवाळ्यात लावून आलो आणि पहिल्या पावसात फोन आला, पाईप वाढवून द्यावा लागला तो माझ्या खिशातून.

तपासायची पद्धत साधी. अंधाऱ्या रात्री काकांना गच्चीवर मोठी टॉर्च घेऊन उभं करा, तोंड तुमच्या मळ्याकडे. तुम्ही आधी घराच्या छतावरून बघा, मग ठिबकच्या टाकीच्या स्टँडवर चढून बघा. उजेड स्थिर दिसला तर काम होतं. लुकलुकला तर मधे फांदी हलतेय.

हे नाही जमलं तर दुसरा मार्ग बाहेर लावायचा ४जी राउटर. आधी मोबाईलमध्ये सेटिंगमध्ये जाऊन सिम स्टेटसमध्ये डीबीएम, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा, काड्या बघू नका. उणे ८५ म्हणजे झकास, उणे १०० पर्यंत चालतं, उणे ११५ च्या खाली गेलं की काही खरं नाही. तिन्ही चारी कंपन्यांची सिम आणून पंपघरावर आणि वीस फुटी पाईपवर मोजा, घरात मोजून उपयोग नाही. बीएसएनएलचं ७०० मेगाहर्ट्‌झ लागलं तर डोंगराजवळ पण लांबून पकडतं. पण संध्याकाळी टॉवरवर गर्दी होऊन स्पीड पडत असेल तर अँटेना कितीही उंच लावा, फरक पडणार नाही, आणि तुमचं वर्णन वाचून मला तसंच वाटतंय.

लाईटचं पण बघा. मळा शेतीच्या फीडरवर असेल तर आठ तास लाईट. रेडिओ दहा वॅटच्या आत खातो, छोट्या बॅटरीवर दिवसभर चालतो. स्टारलिंकची नेहमीची डिश ७५ ते १०० वॅट घेते, दिवसाला दोन युनिट. त्याला वेगळा इन्व्हर्टर लागेल, तो खर्च कोणी सांगत नाही.

धडगाव_गुरुजी
१४ डिसेंबर २०२५

चोपड्याच्या भाऊंनी सांगितलं ते यावलला ठीक आहे, पण आमच्या नंदुरबारच्या अक्राणीत पाड्यापासून फायबर घाटाच्या पलीकडे, मधे दोन डोंगर, टॉर्च कुठे मारणार? आमच्यासारख्यांना खरंच आकाशातूनच मिळालं तर मिळेल, म्हणून मी गेली चार वर्षं हे सगळं वाचत असतो.

सॅटेलाईटमध्ये दोन प्रकार आहेत. जुना म्हणजे ३५,७८६ किमी वर एकाच जागी उभा दिसणारा उपग्रह. हे भारतात आजही मिळतं, इस्रोच्या जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ वर ह्यूज कंपनीची सेवा २०२२ पासून आहे, बँका आणि ऑफिसं वापरतात. मी एका ठिकाणी त्यावर वरिष्ठांशी बोललोय. तुम्ही बोलता, ते जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाच्या वर लागतो, मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम गप्प होतात. फॉर्म भरायला, मेल पाठवायला चालतं, ताईंचं पोर्टल पण चालेल, पण घरगुती खिशाला तो प्रकार जड आहे.

दुसरा म्हणजे साधारण ५५० किमी वरचे, स्टारलिंकसारखे. त्यात हा उशीर जाणवत नाही. वनवेब आणि जिओ-एसईएस या कंपन्यांकडे पण लायसन आहे, वनवेब १,२०० किमी वर. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मे २०२५ मध्ये सरकारला स्पेक्ट्रमसाठी शिफारस केली की कंपनीच्या उत्पन्नाच्या ४ टक्के घ्या आणि शहरातल्या ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जास्तीचे, म्हणजे खेड्यातल्या माणसावर तो बोजा नको. हे मला पटलं. ५ नोव्हेंबरला महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्रावर सह्या केल्या, त्यात गडचिरोली, वाशीम, धाराशिव आणि आपला नंदुरबार आहे. माझं म्हणणं इतकंच की हे शाळा आणि आरोग्य उपकेंद्रावर येऊन थांबू नये. पीएम-वाणी म्हणून सरकारची सार्वजनिक वायफायची योजना डिसेंबर २०२० पासून आहे, त्यात किराणा दुकानदार पण लायसनशिवाय वायफाय विकू शकतो. पाड्याला एक डिश आणि दुकानावर वाणीचं वायफाय, असं झालं तर दहा-वीस रुपयांत पोराला फॉर्म भरता येईल. आज ती पोरं शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी जीपला लटकून धडगावला येतात, सर्व्हर डाऊन असला की परत दुसऱ्या दिवशी. एका मुलीचा फॉर्म असाच राहिला, वर्ष गेलं तिचं.

केळीबाग_यावल
२१ डिसेंबर २०२५

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय कारण आठवडाभर हेच चाललं होतं.

डिशवाल्याला नाही सांगितलं. बिल द्या म्हटल्यावर तो पण परत आला नाही.

१४ तारखेलाच टॉर्च केली. काका गच्चीवर, मी आधी आमच्या छतावर, काहीच दिसेना, दारातला लिंब आडवा. मग टाकीच्या स्टँडवर चढलो तर एकदम समोर, चांदणीएवढा उजेड, पण मिनिटा-मिनिटाला विझल्यासारखा. सकाळी जाऊन बघितलं तर नाल्याकाठची चिंच. झाड तोडायचं नव्हतं, आजोबांच्या वेळचं आहे. काकांच्या गच्चीवर दहा फुटी जीआय पाईप उभा केला, तीन बाजूंनी ताण दिले, परत रात्री बघितलं, उजेड हलला नाही.

रेडिओची जोडी ८,९००, पाईप, क्लॅम्प आणि तार मिळून २,३००, बॅटरी घरचीच फवारणी पंपाची वापरली. नीट तोंड जुळवायला अर्धा दिवस गेला, बोटभर इकडे तिकडे झालं तरी सिग्नल पडत होता. काकांचा प्लॅन ५० एमबीपीएसचा आहे, मळ्यात ३८ येतोय. काल २० तारीख होती. बहिणीने घरात गादीवर बसून रिटर्न भरले, नऊच्या आत जेवायला बसलो सगळे.

गुरुजी, तुमच्या त्या मुलीचं वाचून फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी फॉर्म सुटले की कागद व्हॉट्सअॅपवर पाठवा, बहीण म्हणाली ती इथून भरून देईल, ओटीपी तेवढा फोनवर सांगायचा.

चोपड्याचे भाऊ, एकच राहिलं, आकाशातून पडणाऱ्या विजेचं काय करू? मे महिन्यात आमच्याकडे वादळात बागा झोपतात.

चोपडा_सीसीटीव्ही
२१ डिसेंबर २०२५

वा दादा, चिंच वाचवली ते फार बरं केलं.

पाईपला दोन्हीकडे अर्थिंग करा, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून, आणि ते घराच्या अर्थिंगला जाड तारेने जोडून घ्या. रेडिओच्या खाली नेटवर्कसाठीचा सर्ज प्रोटेक्टर, विजेचा झटका अडवणारा, येतो तो दोन्ही टोकांना लावा. आणि ढग गडगडायला लागले की पिन काढून ठेवायची सवय घरात सगळ्यांना लावा, आईला पण दाखवून ठेवा कुठली पिन ते. ताण मार्चमध्ये एकदा परत आवळा, उन्हाने तार सैल पडते.