बाईचा माग नवऱ्याच्या नावानेच लागतो?

'अमेरिकेतल्या वसाहतकाळातली बाई कागदावर फक्त नवऱ्याची बायको म्हणून सापडते' हे इंग्रज बायकांबद्दल बरंचसं खरं आहे, पण ह्यूगनॉट (म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट) बायकांना सरसकट लागू होत नाही. फ्रेंच नोंदींत लग्नानंतरही माहेरचं नाव चालू राहायचं. आपल्याकडे लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायचे, म्हणून ही गोष्ट चटकन डोक्यात येत नाही. दक्षिण कॅरोलिनातल्या फ्रेंच-स्विस निर्वासितांची १६९५-९६ च्या सुमाराची यादी पाहा. त्यात बायका माहेरच्या नावाने आहेत, अनेकींच्या जन्मगावासकट.

ज्यूदित जितों या ह्यूगनॉट बाईचंच घ्या. शोधताना स्पेलिंग मात्र दोन-तीन प्रकारे टाकून बघा. तिचं भावाला लिहिलेलं पत्र टिकलंय. १६८५ मध्ये, प्रोटेस्टंटांनी धर्म बदलावा म्हणून, फ्रान्समधल्या त्यांच्या घरात राजाचे सैनिक मुक्काम ठोकून बसलेले. एका रात्री त्यांना बिछान्यात झोपलेलं सोडून, भरलं घर तसंच टाकून ही मंडळी निघाली. आई जहाजावर तापाने गेली, थोरला भाऊ कॅरोलिनात पोचल्यावर दीड वर्षाने. पुढे ती लिहिते, सहा महिने पावाचा तुकडा चाखला नाही, गुलामासारखी जमीन कसली. पहिला नवरा विणकर नोए रॉये, तो वारल्यावर १६९९ मध्ये पिएर मानिगो. १७११ मध्ये ती गेली तेव्हा मुलगा गॅब्रिएल जेमतेम सात वर्षांचा होता. हाच पुढे चार्ल्सटनचा गडगंज व्यापारी झाला, आणि त्याच्या मळ्यांवर शेकडो गुलाम राबत होते. आईच्या पत्रातला 'गुलामासारखी' हा शब्द त्यामुळे मला फार टोचतो.