न सांगता मिळणारी प्लेट : आपला सँडविचवाला, आपली खाणावळ, आपला इराणी

नावाजलेल्या हॉटेलांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. येथे मात्र घराजवळच्या, कॉलेजसमोरच्या, स्टेशनबाहेरच्या अशा ठिकाणांविषयी लिहावे, जिथे गेल्यावर काय हवे ते सांगावे लागत नाही, अशी सर्वांना विनंती आहे. पदार्थाची चव सांगावीच, परंतु तो देणाऱ्याला आपल्याबद्दल काय ठाऊक होते, हेही आवर्जून सांगावे. सुरुवात मी करते.

मी १९९१ साली चर्चगेटजवळच्या एका कॉलेजात प्रवेश घेतला. फाटकासमोर झाडाखाली एक सँडविचवाले उभे राहत. त्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू. त्यांचे काम पाहत राहावे असे होते. ब्रेडच्या कापांना लोणी अगदी कडेपर्यंत लावायचे, त्यावर कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी, मग उकडलेल्या बटाट्याच्या, बिटाच्या, काकडीच्या, टोमॅटोच्या आणि कांद्याच्या पातळ चकत्या आणि प्रत्येक थरावर चिमूटभर मसाला. टोस्ट हवे असेल तर हे सगळे लांब दांड्याच्या टोस्टरमध्ये दाबून कोळशाच्या शेगडीवर धरायचे आणि मध्येच उघडून रंग पाहायचा. शेवटी सुरीने सहा तुकडे होत, पण एकही चकती बाहेर सरकत नसे.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी कॉलेजातून थेट गाण्याच्या शिकवणीला जात असे. तिखटाने घसा धरतो, असे मी त्यांना एकदाच म्हटले असेन. त्यानंतर पाच वर्षांत त्या दोन दिवशी माझ्या सँडविचला चटणी निम्मीच लागली आणि इतर दिवशी पुरेपूर लागली. घरच्यांनाही माझ्या शिकवणीचे वार कधीकधी आठवत नसत.

लालबाग, गिरणी कामगाराचा मुलगा

माझे वडील १९६८ साली रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला आले आणि गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, लागले. एका खोलीत गावचे बारा-चौदा जण पाळीपाळीने झोपत, त्यामुळे चूल मांडण्याचा प्रश्नच नव्हता. जेवण चाळीतल्याच एका बाईंच्या खाणावळीत, आणि हिशेब महिन्याच्या पगाराला. दुसरी पाळी करून मध्यरात्री येणाऱ्यांची ताटे बाई वर दुसरे ताट पालथे घालून भिंतीशी ओळीने मांडून ठेवीत. कोणते ताट कोणाचे, हे बाईंना अंधारातही कळे. वडिलांना बांगड्याचा शेपटीकडचा तुकडा आवडतो, हे माझ्या आईला लग्नानंतर प्रथम बाईंकडूनच समजले.

खाणावळ चालवणाऱ्या या बायकांची स्थिती फार कठीण होती. कामगारांचा पगार होईपर्यंत सगळा किराणा उधारीवर चाले, आणि सावकाराचे व्याज भागवताना अंगावरचा दागिना कधी गहाण पडे ते कळत नसे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून अशा बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले, ही गोष्ट आज जितक्या लोकांना ठाऊक असायला हवी, तितक्यांना ठाऊक नाही, असे मला मनापासून वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार बंद झाले, खोलीतले निम्मे लोक गावी गेले, आणि वडील मात्र आज मिटेल, उद्या मिटेल या आशेवर राहिले. बाईंनी चार महिने त्यांच्याकडे पैशाचा विषय काढला नाही. जेवण साधे झाले, मासळी बंद झाली, पण ताट पालथे घालून ठेवलेले असे. पुढे वडिलांना भिवंडीच्या एका कारखान्यात काम लागले. त्यानंतर ते दर महिन्याला थोडे थोडे पैसे पोहोचते करीत, आणि मी पुष्कळदा त्यांच्याबरोबर जात असे. बाई नोटा न मोजता डब्यात टाकत आणि मला विचारत, “बाबा, जेवलास का?” हे लिहिताना मला आजही गहिवरून येते.

पुणे, निवृत्त शासकीय अधिकारी

वरचे दोन्ही अनुभव वाचून माझा थोडा वेगळा अनुभव लिहावासा वाटला. मला ओळख नको होती. १९७९ साली मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत होते. वसतिगृहात गोंगाट, नातेवाइकांकडे गेले की लग्नाची चौकशी. डेक्कनवरचे कॅफे गुडलक १९३५ पासूनचे. इराण्याच्या रिवाजाप्रमाणे तिथे एका बन-मस्क्यावर आणि एका चहावर कितीही वेळ बसता येत असे. एकट्या मुलीने दोन-दोन तास वही उघडून बसावे आणि तिला कोणी हटकू नये, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. वेटर फक्त पाण्याचा ग्लास भरून जात असे. वर्षभरात तो माझ्याशी एकच वाक्य बोलला. परीक्षेच्या आदल्या दिवशी बिल ठेवताना तो म्हणाला, “उद्या आहे ना?” मी त्याला काहीच सांगितले नव्हते, त्याने वहीवर लिहिलेली तारीख वाचली असावी.

नागपूर

माझा अनुभव अगदी लहान आहे. पहाटेची गाडी पकडण्यापूर्वी वडील मला तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर नेत. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर कच्चा कांदा आणि लिंबू. मी लहान असताना ठेलेवाले तर्री हलवून वरचा तेलाचा तवंग बाजूला सारीत आणि मला खालचे चणे वाढीत. मी दहावी झालो त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा वरचा तवंग वाढला आणि वडिलांकडे पाहून मान हलवली.

मुंबई, धोबी तलाव

क्यानीमध्ये (हे इराणी हॉटेल १९०४ सालचे) आजोबांसोबत दर रविवारी जात असे. आजोबा ब्रून-मस्का चहात बुडवून खात, आणि पावाचा कडक पापुद्रा नेमका किती वेळ बुडवावा, हे त्यांनी मला संगमरवरी टेबलावर बोटांनी ताल धरून शिकवले. मला अजून तोच ताल लागतो.

पुन्हा मी

सर्वांचे अनुभव वाचून राहवेना, म्हणून परवा शुक्रवारी चर्चगेटला जाऊन आले. झाड आहे, गाडीही आहे. काका आता गावी असतात आणि गाडी त्यांचा मुलगा चालवतो. त्याने मला ओळखण्याचे काही कारण नव्हते. त्याने लोणी लावले, चटणीचा चमचा भरला आणि विचारले, “ताई, तिखट चालेल ना?” मी त्याला काकांचे मंगळवार आणि शुक्रवार सांगितले. त्याने हातातल्या चमच्याकडे पाहिले, निम्मी चटणी भांड्यात परत सोडली आणि उरलेली ब्रेडच्या कडेपर्यंत नीट पसरली.