डी५३०० आहे, पुढे काय? आधी बॉडी की आधी टेलिफोटो? (नागपूर)

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. कॅमेऱ्याचे जुने धागे चाळले, पण बहुतेक सल्ले लग्नाचे फोटो नाहीतर सह्याद्रीतले किल्ले डोळ्यासमोर ठेवून दिलेले आहेत. मला पक्षी टिपायचे आहेत. आणि त्याची मर्जी असेल तर कधीमधी वाघ.

सध्या माझ्याकडे निकॉन डी५३०० ही बॉडी, १८-५५ आणि ५५-२०० मिमी व्हीआर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी) अशा दोन लेन्स, एवढं आहे. फिरणं मुख्यतः गोरेवाडा, अंबाझरी आणि थंडीत नागपूरच्या आसपासचे तलाव. सुट्टीत जमलं तर पेंच (सिल्लारी गेट) किंवा उमरेड-कऱ्हांडला. गोरेवाड्याला मी स्कूटीवर जाते, एकटी, सॅक पाठीला. हे मुद्दाम लिहितेय, कारण दुकानात हे कुणीच विचारत नाही.

अडचणी दोन आहेत.

पहिली, पक्षी फारच लहान येतो. फांदीवर बसलेला शिक्रा शार्प असतो, पण क्रॉप केला की पिसांचा नुसता चिखल होतो. तलावावरचे पट्टकादंब हंस तर हंस आहेत हे मला ठाऊक म्हणून ओळखू येतात.

दुसरी, उडणारा पक्षी. आकाशासमोर असला तर ठीक, पण मागे झाडं आली की फोकस झाडांवर जातो. शटर १/१६०० च्या खाली नेत नाही, त्यामुळे हात हलल्याचा प्रश्न नाही असं वाटतं.

बजेट साधारण ९० हजार. त्यात लेन्स आणि बॉडी दोन्ही नव्या येत नाहीत, हे माहीत आहे. बर्डीतल्या एका दुकानदाराचं म्हणणं, "मॅडम, आधी बॉडी बदला, जुनी एक्स्चेंजमध्ये द्या." आमच्या घरातल्या तज्ज्ञांचं म्हणणं, आहे त्यात काय वाईट आहे. माझ्या डोक्यात असलेले पर्याय:

डी७५०० आणि सध्याची ५५-२००. किंवा वापरलेली डी५०० आणि लेन्स नंतर. किंवा हीच बॉडी ठेवून निकॉन २००-५००, नाहीतर सिग्मा/टॅमरॉन १५०-६००. किंवा सगळं विकून मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा).

आणि हो, ५५-२०० ला टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारा, पल्ला वाढवणारा जोड) लावून काम भागेल का?

तर्रीपोहे

टेलिकन्व्हर्टर विसरा. निकॉनचे टीसी त्या लेन्सला बसतच नाहीत. दुसऱ्या कंपनीचा बसवलात तरी १.४एक्सने एफ/५.६ चं एफ/८ होतं (हा आकडा मोठा, तितका आत येणारा उजेड कमी), आणि डी५३०० चा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच्याच लेन्सला धरून बनवलेला आहे.

बाकी ताई, पह्यले लेन्स घ्या, बॉडीचं मंग पाहू. दुकानदाराले बॉडी इकाची हाय, तुमाले पक्षी पायजे. दोघाईचा हिशोब येगळा हाय ना!

अपर्चर_आजोबा

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण कारण आकड्यांत मांडतो.

शिक्रा साधारण ३५ सेंमी धरू आणि तो २० मीटरवर बसलाय असं समजू. २०० मिमीला सेन्सरवर त्याची प्रतिमा ३.५ मिमी पडते. डी५३०० चा सेन्सर उंचीला १५.६ मिमी आणि त्यात ४००० पिक्सेल, म्हणजे शिक्र्याच्या वाट्याला आले ९०० च्या आसपास. तिथूनच ५०० मिमीने काढलात तर प्रतिमा ८.७५ मिमी, पिक्सेल सुमारे २२४०. क्षेत्रफळात हा फरक सव्वासहा पट होतो.

आता बॉडी बदलून पाहा. डी७५०० आणि डी५०० दोन्ही २०.९ मेगापिक्सेलच्या, उंचीला ३७१२ पिक्सेल. तोच शिक्रा २०० मिमीला साधारण ८३० पिक्सेलचा होईल. पैसे खर्चून पक्षी लहान झाला! तुमच्या पहिल्या अडचणीवर बॉडी हा इलाज नाहीच.

दुसऱ्या अडचणीचाही निम्मा भाग इथेच सुटतो. पक्षी फ्रेममध्ये एवढासा असला की फोकस पॉइंट त्याच्यापेक्षा मोठा ठरतो, मग कॅमेऱ्याला पक्षी आणि मागचं झाड दोन्ही दिसतात आणि तो झाड निवडतो. पक्षी मोठा झाला की पॉइंट त्याच्यावरच बसतो.

मुठेकाठ

आजोबा, गणित बरोबर आहे, पण उरलेल्या निम्म्या भागावरून तुम्ही फार सहज पुढे गेलात. मी डी५३०० वरून डी५०० वर आलो, म्हणून सांगतो.

डी५३०० मध्ये ३९ पॉइंट, त्यातले क्रॉस टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारे) फक्त ९, तेही मधोमध. डी५०० मध्ये १५३, त्यातले ९९ क्रॉस टाइप, आणि ते जवळजवळ फ्रेमच्या कडेपर्यंत पसरलेले. वेग ५ ऐवजी १० फ्रेम. आणि बफर (सलग काढलेले फोटो कार्डावर जाईपर्यंत थांबतात ती जागा)! डी५३०० रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये) थोडेसे फोटो काढून दम खातो, नेमका तेव्हाच खंड्या पाण्यातून वर येतो. डी५०० सलग २०० रॉ घेतो. पहाटेच्या अंधुक उजेडात फोकस कुठे धरतो, हाही फरक जाणवतो.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगणार नाही. डी५३०० मध्ये एएफ फाइन-ट्यून नाही. लांब लेन्सचा फोकस किंचित पुढे किंवा मागे पडत असेल, तर बॉडीतून दुरुस्त करता येत नाही. डी७२००, डी७५००, डी५०० तिन्हींत ती सोय आहे.

अपर्चर_आजोबा

फाइन-ट्यूनचा मुद्दा मान्य. त्यावर एक तोड आहे: सिग्माला यूएसबी डॉक आणि टॅमरॉनच्या १५०-६०० जी२ ला (दुसऱ्या पिढीच्या मॉडेलला) टॅप-इन कन्सोल मिळतो, त्यातून दुरुस्ती थेट लेन्समध्येच करता येते. निकॉन २००-५०० ला तशी सोय नाही. तरी या बॉडीवर मी २००-५०० लाच मत देईन. ती सगळ्या झूमवर एफ/५.६ राहते. १५०-६०० वाल्या लांब टोकाला एफ/६.३ होतात. भरपूर उजेडात चालून जातं, पण गोरेवाड्याच्या झाडीत पहाटे किंवा संध्याकाळी फोकस चाचपडायला लागतो. उलट तुमची ५५-२०० टोकाला एफ/५.६ च आहे, म्हणजे २००-५०० वर गेलात तर उजेड गमावत नाही.

काटोल_नाका

सगळे फोकसवर बोलून राहिले, वजनावर कोणीच नाही. ताईंनी स्कूटी आणि एकटी हे दोन शब्द उगाच नाही लिहिले.

निकॉन २००-५०० चं वजन २.३ किलो. सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीचं १.९३, टॅमरॉन जी२ दोन किलोच्या आसपास. सिग्माचंच स्पोर्ट मॉडेल २.८६ किलोचं, त्याचा तर विचारच नको. डी५३०० सकट २००-५०० हातात धरलीत की पावणेतीन किलोच्या वर जाते. गाडीत ठेवून जाणाऱ्याला काही वाटत नाही, पण तलावाच्या बांधावर ती उचलून उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवायचा म्हणजे खांदा बोलायला लागतो. तिची झूम रिंगही एवढी फिरवावी लागते की २०० वरून ५०० ला एका हिसक्यात जाता येत नाही.

सिग्मा १००-४०० किंवा टॅमरॉन १००-४०० पाहा. दोन्ही सव्वा किलोच्या आत, फिल्टर ६७ मिमीचा, रोजच्या सॅकमध्ये मावतात. टोकाला एफ/६.३ हे खरं, आणि ४०० हे ५०० नव्हे हेही खरं. पण जी लेन्स घरून निघते तीच फोटो काढते.

वाघाचं म्हणाल तर, पेंच-ताडोबात रस्त्यावर आलेला वाघ ६०० मिमीत मावत नाही, नुसती मिशी येते. तिथं १०० पासून सुरू होणारी लेन्स कामाची.

तर्रीपोहे

हाव, हे बरोबर बोलले. जिप्सीत ट्रायपॉड उघडता येत नाही, मोनोपॉडची बाजूवाल्याले कोपरखळी बसते. कापडी पिशवी शिवून घ्या, तिच्यात सरकी भरा आणि जिप्सीच्या दांड्यावर ठेवून लेन्स टेकवा. सरकी आपल्याकडं कुठंबी भेटते, तांदळापेक्षा हलकी, आणि पिशवी फाटली तं बैलाले घाला. गाडीचं इंजिन बंद करायले सांगायचं, नाहीतर दांड्याची सगळी थरथर फोटोत उतरते.

संत्राबर्फी

सगळ्यांचे आभार. आजोबांचं गणित वाचून दुकानदाराला तसाच कागद नेऊन दाखवावासा वाटला. काटोल_नाका, स्कूटीची दखल घेतल्याबद्दल वेगळे आभार.

मिररलेसवर कुणीच बोललं नाही. एसएलआर (माझ्या डी५३०० सारखे आरसावाले कॅमेरे) आता संपले, असं सगळीकडे वाचते. ९० हजार मरणाऱ्या माउंटमध्ये (लेन्स-बॉडीच्या जोडणीत) घालावेत का?

मुठेकाठ

नवं संशोधन मिररलेसमध्येच चाललंय यात शंका नाही. २०२२ मध्ये डी५०० चं उत्पादन थांबलं आणि तिच्या जागी नवी एसएलआर आलीच नाही. निकॉनची झेड५०-२ ही २०२४ ची बॉडी पक्षी स्वतः ओळखून फोकस धरते. तुमच्या दुसऱ्या अडचणीवरचं खरं औषध तेच.

पण माउंट मेलं म्हणून लेन्स मरत नाही. २००-५०० ही मोटर असलेली लेन्स आहे, एफटीझेड अ‍ॅडाप्टर लावून झेड बॉडीवर ऑटोफोकससकट चालते. उद्या बॉडी बदललीत तरी लेन्स सोबत येईल. सिग्मा-टॅमरॉनच्या बाबतीत अ‍ॅडाप्टरवर चालायला लेन्सचं फर्मवेअर अद्ययावत लागतं, तेवढं घेण्याआधी पाहा. आणि लोक मिररलेसकडे पळताहेत म्हणूनच चांगल्या एसएलआर लेन्स वापरलेल्या बाजारात येताहेत. घेणाऱ्याला यापेक्षा बरा काळ कुठला?

कॅननवाला

कॅनन घ्या. ७डी मार्क २ आणि १००-४०० एल मार्क २. विषय संपला.

अपर्चर_आजोबा

विषय संपत नाही, बजेट संपतं.

संत्राबर्फी

😄 बरं, वापरलेली लेन्स घ्यायची तर काय बघू? नागपुरातच, समोरासमोर घेणार. ऑनलाइन मागवायची छाती नाही.

काटोल_नाका

समोरासमोरच घ्या. दुपारी उजेडात भेटा आणि तुमची स्वतःची बॉडी सोबत न्या.

लेन्सची दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा तिथंच सोडायचा. आपल्याकडे उन्हाळा कितीही भाजून काढत असला तरी जुलै ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती लागू शकते. थोडी धूळ सगळ्याच झूममध्ये असते, तिला घाबरू नका.

मग लेन्स ५०० ला नेऊन लांबच्या पाटीवर फोकस करा, परत जवळच्या वस्तूवर, परत पाटीवर. मध्ये अडखळते का, खरखरते का ते पाहा. व्हीआर चालू-बंद करून व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर होतंय का, तेही. त्याच पाटीचे एफ/५.६ आणि एफ/८ ला फोटो काढा, एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त भुरकट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. पुढच्या काचेभोवती फिल्टरच्या आट्यांना पोचा आहे का, हे बोट फिरवून कळतं. बिल मागा, त्यावरचा सिरियल नंबर लेन्सशी जुळवा. बाहेरदेशातून आणलेली असेल तर इथली वॉरंटी धरू नका.

पुढे कधी बॉडी घ्याल तेव्हा शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडलं) पाहा. डी७२०० आणि डी७५०० चं शटर दीड लाखाला तपासलेलं, डी५०० चं दोन लाखाला. तुमच्या डी५३०० चं एक लाखाला, तेही एकदा पाहून ठेवा.

अपर्चर_आजोबा

एक जोड. एप्रिल-मेमध्ये लेन्स तपासत असाल तर सकाळी नऊच्या आत तपासा. डांबरी रस्त्यावरून किंवा तलावाच्या कोरड्या पात्रावरून तापलेली हवा वर चढते आणि ५०० मिमीला लांबचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं लवलवतं. लोक तेवढ्यावर लेन्सला नावं ठेवतात. दुपारी दोनला जगातली कुठलीही लेन्स विदर्भात शार्प नसते.

लेन्स येईपर्यंत आहे त्या कॅमेऱ्यात तीन बदल करा. एएफ-सी (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस) ठेवून डायनॅमिक ९ पॉइंट निवडा, ३९ नको. मधलाच पॉइंट वापरा, क्रॉस टाइप तिथेच आहेत. आणि एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑनचं काम द्या, म्हणजे फोकस अंगठ्यावर येईल आणि मध्ये फांदी आली की अंगठा उचलता येईल. पक्षी आकाशात असतानाच त्याला धरा, मग झाडांसमोर येऊ द्या.

संत्राबर्फी

आजोबा, अंगठ्याचं आज सकाळी अंबाझरीला करून पाहिलं. पहिला अर्धा तास बोटंच भांडत होती, पण नंतर घार झाडांसमोरून गेली तरी फोकस सुटला नाही. प्रत्येक वेळी नाही, पण आधीपेक्षा खूपच बरं.

ठरवलं ते असं. बॉडी आत्ता नाही. एका ओळखीच्यांकडे २००-५०० आहे, ती रविवारी गोरेवाड्याला नेऊन पाहते, स्कूटीवरच. खांद्याने नाही म्हटलं तर टॅमरॉन १००-४०० वापरलेली शोधेन आणि उरलेले पैसे पुढच्या बॉडीसाठी बाजूला ठेवेन. खांदा हो म्हणाला तर २००-५००. ५५-२०० विकणार नाही, शाळेच्या सहलीला तीच बरी.

तर्रीपोहे

स्कूटीवर नेताना लेन्स बॉडीपासून येगळी करून ठेवा ताई, जोडलेली नका नेऊ. खड्ड्याचा झटका माउंटवर येते. काटोल रोडचे खड्डे तुमाले माह्यापेक्षा जास्त ठाऊक.