प्रायॉरिटी रिस्कच्या नावाखाली इन्स्पेक्शनला कात्री?

चिमटा:
काल नटबोल्ट यांनी लिहिलं की फॅक्टरीत सेफ्टी बघायला येणाऱ्या इन्स्पेक्टरने हेल्मेट, रजिस्टर असल्या फुटकळ गोष्टी बाजूला ठेवून उंचावरून पडणं, शॉक, टाकीतला गॅस, मशीनचे गार्ड एवढंच धरावं आणि जिथे धोका जास्त तिथेच जावं. वाचून डोकं फिरलं. धोका कुठे जास्त हे ठरवणार कशावरून, अपघाताच्या रेकॉर्डवरूनच ना? आणि ते लिहितं कोण? ज्याच्यावर कारवाई व्हायची तोच! म्हणजे जो लपवतो तो लो रिस्क, आणि जो बोट कापल्याचं इमानदारीत लिहितो त्याच्याच दारात इन्स्पेक्टर. वा!

नटबोल्ट:
बाजूला ठेवा म्हटलं, फेकून द्या नाही. आमच्याकडे इन्स्पेक्शन झालं तेव्हा अर्धा दिवस रजिस्टरवरच्या सह्या बघण्यात गेला. पॉवर प्रेसच्या सेन्सरला वायरचा तुकडा लावून बायपास केलेला, म्हणजे हात आत असला तरी प्रेस खाली येणार, त्याच्या समोरून साहेब चालत गेले. पकडलं काय, तर फर्स्ट एड बॉक्समधलं एक्सपायर झालेलं मलम.

शिफ्टबी:
+१. टाकीत उतरण्याआधी गॅस मीटरने चेक केला का, बाहेर माणूस उभा आहे का, हे कुणी विचारतच नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण गॅस वाढला की नाकच बधिर होतं, वाटतं गॅस गेला. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो.

अडाणी:
तुमच्या यादीत धूळ कुठेय? माझे काका दगड कापायचे. अपघात शून्य, फुफ्फुसं संपली. जागतिक कामगार संघटनेच्या अंदाजानुसार कामामुळे वर्षाला जवळपास 30 लाख माणसं मरतात, त्यातली बहुतेक आजाराने. पण त्यांचा पंचनामा होत नाही ना.

नटबोल्ट:
बरं बाबा, धूळ घाला यादीत. राहिली होती.

चिमटा:
आणि उद्या आवाज, परवा केमिकल. झालं, परत सगळंच आलं!

खडूस:
तुम्ही भांडा, पण ते गेटवरचे 'अपघाताविना इतके दिवस' वाले बोर्ड आधी उतरवा. समुद्रात तेलविहीर खोदणारी डीपवॉटर होरायझन रिग 2010 मध्ये उडाली, 11 माणसं गेली, आणि त्याच दिवशी मोठे साहेब रिगवर कौतुक करायला आलेले, सात वर्षं लॉस्ट टाइम अपघात, म्हणजे कामाचा दिवस बुडवणारी इजा, नाही म्हणून.

शिफ्टबी:
बोर्डाचं नावच काढू नका! आमच्या इथे पायाला प्लॅस्टर असलेल्या माणसाला गाडी पाठवून आणायचे, दिवसभर खुर्चीत बसवायचे. कामावर हजर, म्हणजे लॉस्ट टाइम नाही. बोनस सगळ्यांचा अडकलेला, म्हणून आम्हीपण गप्प.

सेफ्टीवाला:
मी सेफ्टी ऑफिसर आहे. सगळे असे नसतात. बोर्डामुळे निदान लोक विषय तरी काढतात.

खडूस:
विषय काढतात, रिपोर्ट दाबतात.

सेफ्टीवाला:
कधी मशीन बंद करून बघा, मग प्रॉडक्शनवाले काय ऐकवतात ते कळेल. इथे बसून टायपायला काय जातं?

अडाणी:
काकांच्या वेळचा ऑफिसरपण हेच म्हणायचा.

सेफ्टीवाला:
पर्सनल होऊ नका.

चिमटा:
मूळ मुद्द्यावर या. यादी करा, हरकत नाही. पण न सांगता या, कामगारांशी मॅनेजरला बाहेर काढून बोला, आणि 'लो रिस्क' वाल्यांपैकीही काही चिठ्ठी टाकून निवडा, म्हणजे लपवणाऱ्यांना धाक राहील. एवढं असेल तर नटबोल्ट महाराजांचा विजय असो.

नटबोल्ट:
चिठ्ठीचं मान्य. बाकीचं कालच लिहिलं होतं, शेवटच्या पॅरात. तिथपर्यंत वाचलंस तर ना.

सेफ्टीवाला:
आणि बोर्ड राहणार.