सल्ला हवा : सारं उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या कविता

मृद्गंध :
आमच्या वाचनालयात ऑगस्टमध्ये कवितावाचन आहे. विषय ठरलाय, सर्वनाशानंतर उरलेला माणूस. विलापिका पुष्कळ सापडल्या. मला हव्यात अशा कविता, ज्यात कुणीतरी बचावतं आणि पुन्हा कामाला लागतं. कुसुमाग्रजांची 'कणा' घेतलीच आहे. श्रोत्यांत अकरावी-बारावीची मुलं असतील. भाषा कुठलीही चालेल, अनुवाद आम्ही करू.

सांजवारा :
ऑगस्ट म्हणजे हिरोशिमा आलंच. जपानी कवयित्री सादाको कुरिहारा यांची 'उमाशिमेन्काना' (म्हणजे 'जन्माला घालूया') घ्याच घ्या. पडलेल्या इमारतीचं तळघर, मिट्ट काळोख, साधी मेणबत्तीसुद्धा नाही. रक्ताचा, घामाचा वास, कण्हणारी माणसं. त्यात एका बाईला कळा सुरू होतात. आपापल्या वेदना विसरून सगळ्यांना तिची काळजी लागते. आणि इतका वेळ विव्हळत पडलेली एक जखमी बाई म्हणते, मी सुईण आहे, मी करते बाळंतपण. मूल जन्मतं. पहाट व्हायच्या आत सुईण प्राण सोडते.

घटना खरी आहे, कुरिहारांनी ती ऐकून लिहिली. प्रत्यक्षातली सुईण वाचली होती. हे मुलांना सांगा, पण कविता वाचून झाल्यावर. आधी सांगितलंत तर त्या पहाटेचा धक्का बसणार नाही.

जपानी कवी सांकिची तोगे यांच्या अणुबॉम्बवरच्या कवितासंग्रहातली 'माणूस परत द्या' ही प्रस्तावनेची कविता अगदी छोटी आहे. वडील परत द्या, आई परत द्या, अशी एकामागून एक मागणी. 1951 साली त्यांनी तो संग्रह सायक्लोस्टाइल करून काढला. 1953 मध्ये ते गेले, वय अवघं 36. ही मूळ जपानीतही वाचून दाखवा. 'काएसे, काएसे' (परत द्या, परत द्या) हा घोष न कळताही अंगावर येतो.

पिंपळपान :
पोलिश कवयित्री शिम्बोर्स्का यांची 'शेवट आणि सुरुवात' (1993) सुचवेन. युद्ध संपल्यावर कुणाला तरी झाडलोट करावीच लागते, इथून ती सुरू होते. प्रेतांच्या गाड्या जाव्यात म्हणून रस्त्यावरचा ढिगारा बाजूला सारायचा, खिडक्यांना काचा बसवायच्या. तोवर कॅमेरेवाले दुसऱ्या युद्धाकडे निघून गेलेले. 'कणा'मधला चिखल काढणारा, भिंत बांधणारा माणूस याच कुळातला. दोन्ही लागोपाठ वाचा.

पोलिश कवी मिवोश यांची जगाच्या अंतावरची कविताही बघा, 1944 ची, वॉर्सातली. शेवटी एक म्हातारा येतो. तो प्रेषित झाला असता, पण त्याला वेळ नाही, तो टोमॅटोची रोपं बांधतोय.

रानवाट :
अमेरिकन कवयित्री सारा टीसडेल यांची 1918 मधली 'हळुवार पाऊस येईल' कशी वाटते? युद्धात माणूस संपतो, तरी पाखरं गातच राहतात.

सांजवारा :
सुंदर कविता, पण त्यात माणूस उरतच नाही. मृद्गंधताईंच्या विषयाला ती धरून नाही. घ्यायचीच तर सर्वांत आधी, म्हणजे पुढच्या कवितेत माणसाचा आवाज आला की बरं वाटेल.

आणि ताई, मोठी मुलं असतील तर कुरिहारांचीच 'हिरोशिमा म्हणताना' सोडू नका. हिरोशिमा म्हटलं की समोरून नानकिंगचं, म्हणजे जपानी सैन्याने चीनमध्ये केलेल्या कत्तलीचं नाव येतं, हे त्या स्वतःच्या देशाला ऐकवतात. स्वतः बॉम्बमधून वाचलेल्या बाईने हे लिहावं, याला फार मोठं काळीज लागतं.

मृद्गंध :
सगळ्यांचे मनापासून आभार. टीसडेल, तोगे, उमाशिमेन्काना, हिरोशिमा म्हणताना, मग शिम्बोर्स्का आणि 'कणा' असा क्रम धरतेय. म्हाताऱ्याची कविता शेवटी. सुईणीच्या कवितेचा अनुवाद सुरू केलाय. जपानी येणारं कुणी असेल तर तपासून द्याल का?